निरंक

सकाळी साडेआठला
ग्रामपंचायतीमागच्या कुंपणाचं फाटक उघडतो,
नरसाळं उचलून बाटलीत डोकावतो.
बाटलीत बहुधा मुंगळा असतो.
मग वहीत लिहितो : निरंक.

शून्य लिहायचं नसतं, तायाप्पा,
असं रेवणसिद्ध तात्या म्हणाले होते वही हातात देताना.
शून्याच्या आधी कुणीही आकडा घुसडतो.
निरंकाला काही चिकटत नाही.

यंदा पंचांगात मृगाचं वाहन म्हैस होतं,
आर्द्रेचं बेडूक.
मंगळवेढ्याच्या या अंगाला म्हैस आली नाही, बेडूकही.
आला तो वारा.
पश्चिमेकडून, दोन महिने, रात्रंदिवस,
पत्र्यावरचे दगड पुन्हा पुन्हा मोजायला लावणारा.
ढग डोक्यावरून विजापूरकडं गेले
भरलेल्या एसटीतून कंडक्टर हात हलवतो ना,
तसे.

अडीच मिलिमीटरच्या आत पडला
तर तो दिवस पावसाचा धरत नाहीत.
असे न धरलेले दिवस मी लक्षात ठेवतो.
अकरा जुलै, एक पूर्णांक दोन :
अंगणात धूळ तेवढी बसली,
तिच्यावर कोंबडीची नक्षी उठली,
रान काही बोललं नाही.

मग उत्तरा सरता सरता
एका संध्याकाळी वारा पडतो.
कान इतके हलके होतात की चुकल्यासारखं वाटतं.
अक्कलकोटच्या बाजूला वीज
आवाज न करता उघडझाप करते.
हस्तानं एका रात्रीत बहात्तर दिले.
बाटली भरून डब्यात उतरलेलं पाणी
मी दोनदा मापलं. हात कापत होता.
ज्या भेगेत माझ्या आतेभावाच्या सायकलीचं कुलूप पडलं होतं
ती मिटली,
कुलपासकट.

असे सहा दिवस.
नंतर निरंक दिवाळी, निरंक पौष.
आणि त्या निरंकावरच ज्वारी
माणसाच्या डोक्यावर जाते.
पहाटे रानात शिरलं की पँट मांडीपर्यंत भिजते.
वहीत दवाला रकाना नाही.
तालुक्याला फोनवर विचारलं होतं.
पलीकडचा म्हणाला, मोजता येतंय का?
म्हटलं, पिळता येतंय.

हुरडा संपतो, कडबा रचला जातो,
आणि एप्रिलपासून फाटकाची कडी
रुमालानं धरून उघडावी लागते.
चव्वेचाळीस.
दुपारी गाव नसतंच, नुसती दारं असतात.
शाळेच्या मैदानात एक वावटळ येते,
प्लास्टिकची पिशवी कळसापर्यंत नेते,
तिथं जरा विचार करते,
आणि पिशवी होती तिथंच ठेवून निघून जाते.

एकवीस मेला बाटलीत पाणी होतं.
चार मिलिमीटर.
आभाळ तर सोलून ठेवल्यासारखं.
वळीव शेजारच्या गावाला झाला असता तरी
गारव्यानं कळलं असतं.

फाटकाशी अंगणवाडीच्या निलव्वाची नात, दानेश्वरी,
उलट्या चपला, हातात तांब्या.
"किती झाला?"
"चार."
"मग सांग की त्यांना."

नळ येऊन पाच दिवस झाले होते.
पाणी कुणाच्या घागरीतलं, ते मी विचारलं नाही.
चार मिलिमीटर म्हणजे केवढं,
चहाचा एक कप.

लिंबाच्या बुडाला ओतलं.
मुंगळे धावले, तीही वाकून बघत राहिली.
वहीत निरंक लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं,
टोकाखाली शाईचा एक ठिपका मोठा झाला,
तो तसाच आहे.

मग तालुक्याला फोन लावला,
बोलताना तिच्याकडं पाठ करून.