नख अडतं का

गाडी दारात आली की मी आधी नख फिरवतो.
सगळं त्याच्यावर ठरतं.
नख सरकून गेलं, तर चरा वरच्या पारदर्शक थरातच आहे:
पाणी, दोन हजार नंबरचा कागद, फोमची चकती, धीर.
तासाभरात जातो.
नख अडलं, तर मी गोचाला हाक मारतो
आणि गोचा गाडीची किंमत खाली आणतो,
किंवा स्वतःचा आवाज.

ही फिकट निळी, ओहायोच्या लिलावातली,
पोतीच्या बंदरात उतरून रुस्तावीला आमच्याकडे आली
तेव्हा डाव्या दारावर कुणीतरी किल्लीने
अर्धं अक्षर ओढलेलं होतं.
अर्धंच. मध्येच कुणी आलं असेल,
किंवा राग पुरला नसेल.
मागच्या सीटवर कुत्र्याच्या नखांची रेघारेघ.
चालकाच्या सीटची बाहेरची कड
रोजच्या चढण्या-उतरण्याने
जुन्या पाकिटासारखी पांढरी पडलेली,
आणि पाठीला बोटभर फाटकं तोंड,
त्यातून पिवळा स्पंज बाहेर बघणारा.

चामड्याचं त्सियाला बघते.
हातमोज्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं,
तो बंद पडल्यावर इथे.
ती म्हणते, मेलेल्या कातडीला जास्त जपावं लागतं,
तिला स्वतःहून खपली धरता येत नाही.
फाटीतून चिमट्याने ठिगळ आत सरकवते,
डिंक, वर पातळ भराव, वाळवायचा, पुन्हा पातळ.
घाई केलीस की फुगवटा येतो, म्हणते,
खोटं बोलताना गालाला येतो तसा.
रंग बशीत कालवते: तपकिरी, कणभर लाल,
आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते.

कामाआधी मी घड्याळ काढतो,
पट्ट्याचं बक्कल पाठीमागे फिरवतो,
अंगठी काढून आगपेटीत ठेवतो.
धातूचा एवढासा स्पर्श, की नवा चरा माझ्या नावावर.
लामाराला हे कधी सांगितलं नव्हतं.
सांगण्यासारखं काय त्यात.

लामारा इटलीत, बारीला, सात वर्षं झाली.
एका म्हातारीला उठवते, न्हाऊ घालते, निजवते.
काल रात्री फोनच्या पडद्यावर
कांदा चिरताना तिचा हात दिसला.
बोट मोकळं.
काळजात चर्र झालं.
मी बोललो नाही काही. हवा कशी आहे विचारलं.
तिने अंगणातल्या डाळिंबाचं विचारलं.

मग माझी नजर बघून तीच म्हणाली,
सिन्योराची कातडी आता या पापुद्र्यासारखी झालीय,
मलम चोळताना अंगठी निसटती लागली तरी ओरखडा उठतो,
महिना महिना निळा राहतो.
साखरेच्या डब्यात ठेवलीय.

मला हसू आलं.
तिला वाटलं, याला पटलं नाही.
चाकू खाली ठेवला तिने.
आगपेटी दाखवायची होती मला,
ती दुकानात, शटरच्या आत.
आणि तोंडाने सांगितलं असतं
तर जुळवून सांगितल्यासारखं वाटलं असतं.

आज दारावरचं अक्षर गेलं.
फक्त जिथे किल्ली पहिल्यांदा टेकली होती
तो ठिपका राहिला. टूथपिकने रंग भरला,
घासलं, मेण लावलं.
ग्युम्रीहून ह्राचिक आला गाडी न्यायला.
जाणता माणूस, आधी नख फिरवलं.
एका जागी थबकलं.
हे काय?
गोचा खोकला.
मी म्हणालो, किल्ली. निघालं तेवढं काढलं,
उन्हात तिरकं बघितलंस तर दिसेल.
तो वाकला, तिरका झाला, बराच वेळ बघत राहिला,
मग पन्नास डॉलर कापले.
गोचाने माझ्याकडे असं बघितलं की बस.

गाडीतून त्सियाला ओरडली,
उद्यापर्यंत या सीटवर कुणी बसायचं नाही, रंग ओला आहे!
मग मी जाऊ कसा, ह्राचिक म्हणाला.
थांब की एक रात्र, ती म्हणाली,
लोक वर्षं काढतात.

शटर ओढताना मी आगपेटी खिशात टाकली.
घरापर्यंत पावलागणिक
ती खुळखुळत होती.