डोंग्याचं अर्थिंग

पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा पत्त्याच्या रकान्यात
झिबल मारबत्यानं लिहून घेतलं:
सोनेगाव तलाव, घाटापासून बारा वाव आत.
खिडकीतल्या बाईंनी वाचलं, चष्मा काढला,
पुन्हा वाचलं.
"घर क्रमांक?"
"डोंगा हाये बाई. पत्र्याचा."
"कर पावती?"
"पान्याची हाये. सोसायटीच्या लीजची."

मीटर शेवटी काठावर लागलं,
सोसायटीच्या टिनाच्या शेडला,
जिथं जाळी वाळतात आणि कुत्री झोपतात.
तिथून पुढं माझं काम.

मी वायरमन. मे महिन्यात मला मरायला वेळ नसतो.
अख्ख्या नागपुरात कूलर बिघडलेले,
खसच्या ताट्या, जळके पंप,
"बॉडीत करंट येऊन राह्यला भाऊ, लवकर या."
तरी आलो, कारण झिबलनं सांगितलं:
डोंग्यावरच्या टाक्यांत रोहूचं बीज आहे, कतल्याचं,
नखाएवढं,
पहाटे चारला वर येऊन तोंड उघडतं.
त्या वेळी पाण्यातली हवा संपते.
दोन वर्षं तो आणि पारबता आळीपाळीनं उठत होते,
बादलीनं पाणी घेऊन पुन्हा तिथंच ओतत होते,
उंचावरून,
म्हणजे फेस येतो.
चाळीस वॉटचा पंप हे करतो.

केबल इतवारीतून आणली, आर्मर्ड.
दुकानदार म्हणाला, पाण्यावर? लग्नबिग्न आहे का?

झिबल म्हणे, ताणून बांध, नीट दिसते.
म्हटलं, ऑगस्टात तलाव किती चढतो ते दाखव आधी.
तो सहाव्या पायरीवर उभा राहिला,
विचार करून कमरेला हात लावला.
तेवढी ढील दिली.
संक्रांतीला गच्चीवरून देतो तशी,
मांज्याला पोट येईल अशी.

मग अर्थिंग.
"दोन तारा पुरत नाई काय? लाइट तं दोनावरच लागते न."
लागतो.
मामीच्या कूलरलाही दोनच होत्या.
महालात, सत्त्याऐंशीच्या मेमध्ये,
ती टाकीत पाणी भरत होती, पाय ओले.
आम्ही पोचलो तेव्हा
पंखा फिरतच होता, गार हवा येत होती.

हे मी झिबलला बोललो नाही.
तिसरी पायजे, एवढंच.

पण पाण्यावर जमीन कुठून आणणार?
खाली सात फूट पाणी, मग गाळ, मग काय कोण जाणे.
"जमीन तं आमच्या नावानं कुठीच नाई," पारबता म्हणाली
आणि जाळ्याची गाठ दातानं आवळली.
हसली की नाही, ते दिसलं नाही, दात कामात होते.

शेडमागं खड्डा खणला.
कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा,
मधोमध जीआय पाइप.
मीठ तिनंच टाकलं, ओंजळीनं, अंदाजानं,
कैऱ्यांवर टाकतात तसं,
वरून तलावाचंच पाणी, तांब्याभर.
तिथून हिरवी तार केबलच्या सोबतीनं
पाणी ओलांडून डोंग्याला आली.
बोल्टखालचा पत्रा मी कानशीनं घासला,
गंज जाऊन पांढरा होईपर्यंत.
तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं,
चाकं बाहेर काढलेलं,
पलीकडे उतरायला.

आरसीसीबीवर एक बटन असतं, टी लिहिलेलं.
महिन्यातून एकदा दाबायचं, मी सांगितलं,
खट्कन सगळं बंद झालं तर समजायचं, जिवंत आहे.
झिबलला हे उलटं वाटलं.
पारबतानं मात्र लगेच दाबून पाहिलं, तीन वेळा.

त्या रात्री मी तिथंच थांबलो, पंप पहिल्यांदा चालणार म्हणून.
चारला जाग आली तर दोघंही उठून बसलेले.
टाकीत बुडबुडे चालू होते, बीज खाली निवांत.
झिबलच्या हातात बादली होती, रिकामी.
"सवय हाये," तो म्हणाला.
थोड्या वेळानं पारबता म्हणाली,
तो बल्ब बंद कर न, तलाव दिसत नाई.
मी बंद केला.
पंपाचा आवाज तेवढा राहिला,
आणि केबल, पोट पाण्याला टेकवून,
हलके हलत.