रिवणला, पेरं काढायला

सुट्टीच्या दिवशी बसमध्ये बसायचं म्हणजे
हातांना काय करावं कळत नाही.
तिकिटांचं यंत्र नाही, खांद्याला पैशांची बॅग नाही,
तरी केप्याला उतरणारे
मनातल्या मनात मोजलेच.

एश्पेरांसच्या फाटकावर पुठ्ठ्याची पाटी :
पेरं स्वतः काढा, तोलून न्या.
फांदी मोडल्यास शंभर रुपये.
आत गाड्या उभ्या, वास्कोच्या, पर्वरीच्या.
पांढऱ्या बुटांची पोरं चिखल लागला की किंचाळतात
आणि परत चिखलातच जातात.
पैसे मोजून मजुरी करणारी माणसं
मी पहिल्यांदाच पाहिली.

यतीन सांगतो, केंटमध्ये असंच असतं.
शनिवारी लोक येतात सफरचंदं काढायला,
तो शिडी धरून उभा असतो.
ओढायचं नाही आई, तळहातात घ्यायचं,
वर उचलून किंचित पिळायचं.
तयार असेल तर आपणहून येतं,
नसेल तर सोडून द्यायचं.
किती सहज सांगितलं त्याने.
मी हूं म्हटलं.

घाटावर ह्याला पेरू म्हणतात, आमच्यात पेर.
फिरंगी ह्या झाडाखाली उभा राहिला असेल
आणि त्याने आपल्याकडच्या
भलत्याच फळाचं नाव ह्याला देऊन टाकलं.
घरची आठवण आली की माणूस असा चुकतो.
यतीन तिथल्या मचूळ नदीला झुआरी म्हणतो.

झेला उंच धरून माझी मान अवघडली.
एक पेर जाळीत पडलं, दुसरं कपाळावर.
तिसऱ्याला पोपटाने आधीच चोच मारलेली,
आत गुलाबी, मुंग्या लागलेली.
फुंकर मारून तेच खाल्लं उभ्या उभ्या.
एश्पेरांस म्हणाली, पोपटाचं उष्टं आम्ही तोलत नाही.
तिच्या काट्याचं एक पारडं दोरीने बांधलेलं,
पण हात सच्चा. दीड किलो, वर एक.

पैसे देताना शेवंतीचं विचारलं.
पावसाळाभर शेंडे खुडले, शेणखत घातलं,
झाड कमरेएवढं झालंय, हिरवंगार,
आणि कळीचं नाव नाही.
आता खुडणं बंद ना?
गणपती झाल्यावरच बंद.
पाणी?
माती सुकली तरच.
तिने ओंजळीतली नाणी गल्ल्यात टाकली.
कुंडी खंय दवरल्या?
बाल्कनीत.
रातचो थंय दिवो आसता?

असतो.
गेल्या नाताळापासून असतो, रात्रभर.
का, ते तिने विचारलं नाही
आणि मी काही बोलले नाही.
तिका रात जाय मगे, ती म्हणाली,
काळोख लांबला की तिला कळतं
आता फुलायचं.
एवढं बोलून ती वास्कोवाल्यांचं वजन करायला वळली,
त्यांनी फांदी मोडली होती.

शेवटच्या बसला कंडक्टर ओळखीचा निघाला,
तिकीट फाडेना. मी फाडायला लावलं.
मडगावपर्यंत अख्ख्या बसला
माझ्या पिशवीचा वास.

आक्याला पोहोचले तेव्हा दिवा जळत होता.
खाली दोन मुलं नरकासुराला कागद चिकटवत होती,
त्यांना म्हटलं, उजेड दुसरीकडे शोधा रे.
बटण दाबलं.
बाल्कनी एवढी लहान आहे हे काळोखातच कळलं,
अंगठा कुंडीवर आपटला.

अडीचला फोन आला. त्याची पाळी सुटली होती.
कॅमेरा लाव ना, तू दिसत नाहीस.
म्हटलं, शेवंती झोपली आहे.
तो हसला. मग थोडा वेळ
दोन्हीकडे कुणीच काही बोललं नाही,
त्याच्या बाजूने फक्त बूट वाजत होते, चालत्याचे.

आज सहावी रात्र.
खोटं कशाला सांगू, परवा मध्येच उठून
एकदा लावला होता दिवा,
एवढंच पाहायला
की ती आहे ना तिथेच.