निळा जपून

आजगावकरांनी ट्यूब काचेखालून काढली,
पण हातात दिली नाही.
आधी किंमत सांगितली.
गेल्या चतुर्थीला चारशे दहा होती,
आता सातशे पंचेचाळीस.
"डॉलर, बाई," म्हणाले, आणि वर पंख्याकडे पाहिलं,
जणू तो तिथूनच खाली पडतो.
कोबाल्ट परत ठेवायला लावला,
सहा नंबरचा ब्रश, तोही परत,
आणि एक खोडरबर घेऊन
वेंगुर्ल्याच्या एसटीत बसले.

मठच्या उतारावर हिशेब केला.
तांबडा चिऱ्याच्या खाणीत पडलाय, कुणी विचारत नाही.
काळा दिव्याच्या काजळीचा.
पांढरा तर लाटेबरोबर येतो,
माकलाचं हाड; खलबत्त्यात कुटायचं,
काजूच्या डिंकात घोटायचं, हात दुखेपर्यंत.
कागदाऐवजी आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा
(देवगडचा शिक्का आतल्या बाजूला).
राहिला निळा.
एवढा समुद्र दाराशी,
आणि तांब्यात भरून आणला की
नुसतं खारट पाणी.

बंदरावर सुलू गिरप माकलं साफ करते.
शाईच्या पिशव्या काढून दगडावर फेकते,
कावळासुद्धा चोच लावत नाही.
मी बरणी पुढे केली.
"ह्या घाणीचा काय करतलंस गो?"
"चित्रं."
ती इतकी हसली
की सुरी खाली ठेवावी लागली.
महिनाभर फुकट दिली शाई.
मग कुणीतरी तिच्या कानावर घातलं
की रिसॉर्टच्या भिंतीवर माझी होडी लागलीय,
साडेतीन हजारांना.
दुसऱ्या सकाळी बरणीमागे वीस रुपये.
"सगळ्यांचोच भाव वाढलो," म्हणाली,
खवले झटकत.
दिले. तिचं काय चुकलं?
शाईत लवंग टाकते, तुरटी टाकते,
तरी दमट हवेत माझ्या होड्यांना
होड्यांचाच वास येतो.

गोकर्णाचा वेल कुंपणावर होताच.
फुलं उकळली, गाळली, आटवली.
निळा! खरा निळा!
स्वयंपाकघरात मी एकटीने टाळ्या वाजवल्या.
त्यात निवतीचा दीपस्तंभ काढला, भोवती भरतीचं पाणी,
आणि पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई
तो फ्रेमसकट घेऊन गेल्या.
दोन महिन्यांनी फोन.
"अहो, समुद्र दिसेनासा झालाय.
दीपस्तंभ आहे, आणि बाकी नुसता पुठ्ठा."
मी म्हटलं, "ओहोटी असेल."
त्या हसल्या नाहीत.
पैसे परत केले. बँकेत स्लिप भरताना
रक्कम अक्षरी लिहिताना थोडं लागलं,
पण वाक्य चांगलं होतं,
ते अजूनही वाटतं.

जुनी ट्यूब मी टाकली नव्हती.
ब्लेडने उभी चिरली,
आत पत्र्याला धरून रेघभर कोबाल्ट,
कपाटात विसरलेल्या नोटेसारखा.
इंटरमिजिएटच्या सरावाला वर्गात नेली.
बजावलं: प्रत्येकी एक ठिपका,
ब्रशच्या टोकाने, आणि मला दाखवून.
सोळाव्या नंबरच्या तौफिक होडेकरने
अख्खा ब्रश आत फिरवला
आणि घराचं दार रंगवलं.
दार!
मी तोंड उघडलं,
मनातल्या मनात किंमतही मांडली,
ठिपक्यांचे भाव, पोरं, पटसंख्या.
तो मान वर न करता म्हणाला,
"आमचं असंच आहे, बाई."
मी ओणवी होऊन पाहिलं.
तसंच होतं. बाजारातून जाताना रोज बघते,
काढलं मात्र कधी नाही,
समुद्रासाठी जपून ठेवत गेले.
"फक्त ते उघडं असतं," तो म्हणाला,
"आत काळोख काढायचाय. काळा आहे?"

पिशवीतून सुलूची बरणी काढली,
झाकण फिरवलं.
सगळ्या वर्गाने नाक धरलं.