आठ रेघा

आमागासाकीच्या रात्रशाळेत, सव्वासातच्या तासाला
मी फळ्यावर आठ रेघा ओढल्या.
आधी माथ्यावर ठिपका,
डावीकडे एक छोटा उतार,
मग आडवं छप्पर, टोकाशी मुरड घातलेलं,
छपराखाली दोन फाकलेले पाय,
आणि पायांखाली आडवी, उभी, आडवी.
शेवटची जरा लांबच आली.
'सोरा,' मी म्हटलं. 'आभाळ.'

पहिलीतली पोरं शिकतात हे अक्षर.
माझ्या वर्गात सगळ्यांत लहान जोमार, एकोणीसचा,
सगळ्यांत मोठ्या तोकिए-सान, अठ्ठ्याहत्तर पूर्ण.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला:
'नाही हो बाई. ही आमच्या ह्यांची गाडी.'

वर्ग हसला. मी हसले नाही,
कारण त्यांचं बरोबर होतं.
केइसाकु-सान एकतीस वर्षं टॅक्सी चालवत होते.
पुढच्या काचेमागे लाल दिव्यात दोन अक्षरं पेटायची,
त्यातलं पहिलं हेच.
रात्री दोनला गल्लीच्या तोंडाशी लाल दिसलं
की त्या डाळीचं सूप गरम करायला ठेवत.
हिरवं दिसलं तर अजून कुणीतरी बसलंय आत.

मग मी बाकीचे उच्चार सांगितले.
रिकामं असेल तर 'कारा'.
जागा झाली, मोकळी झाली, तर 'आकु'.
दुसऱ्या अक्षराला चिकटून आलं तर बहुतेकदा 'कू',
घरात एक नाव आणि चारचौघांत दुसरं असतं, तसं.
जोमार मागून ओरडला, 'कराटे!'
हो, कराटे. रिकामा हात.
त्याने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले,
भांडी घासून पांढरे पडलेले.

'इतके उच्चार. मग कुठला घ्यायचा, कळतं कसं?'
'शेजारी कोण आहे ते बघायचं, तोकिए-सान.'
'अगंबाई, मग येतंय की मला.
मी जन्मभर तेच केलं.'
खानावळीत शेजारच्याचं ताट बघून 'मलाही तेच'.
पोस्टात उजव्या हाताला पट्टी बांधून जायचं,
'दुखावलाय हो, तुम्हीच लिहा जरा.'
पट्टी धुऊन वाळत घालायची, पुढच्या वेळेसाठी.
ह्यांना माहीत होतं का?
'पट्टीला इस्त्री तेच करायचे,' म्हणाल्या.

तास संपायला दहा मिनिटं होती.
मी अक्षर मधोमध तोडून दाखवलं:
वरचा भाग म्हणजे भोक, बीळ, गुहा.
खालचा म्हणजे काम, कारागिरी.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
पेन्सिलीने वरचा अर्धा भाग झाकला, मग खालचा,
मग पुन्हा वरचा.
'भोक,' म्हणाल्या, 'आणि खाली काम.
बाई, ही खाण आहे.'

चिकुहोची. कोळशाची.
बाप पहाटे त्या भोकात उतरायचा,
आणि ही आठ वर्षांची, पाठीशी भाऊ बांधलेला,
तोंडाशी उभी राहायची पाळी सुटेपर्यंत.
शाळा होती टेकडीपलीकडे. घंटा ऐकू यायची.
माणसं वर आली की सगळी सारखीच काळी,
बाप कोणता ते चेहऱ्यावरून समजायचं नाही.
'पण तो बाहेर आला की आधी मान वर करायचा.
माझ्याकडे नंतर बघायचा.'

मी काही बोलणार होते,
शिकवण्यासारखं काहीतरी.
घंटा झाली.

त्यांनी वहीत ते अक्षर तीन ओळी भरून लिहिलं होतं.
पहिल्या ओळीत चौकटीबाहेर गेलेलं,
दुसऱ्या ओळीत छप्पर एका बाजूला कललेलं,
तिसरी ओळ मी तपासली नाही.

स्टेशनबाहेर मी सायकलचं कुलूप काढत होते.
त्या टॅक्सीच्या रांगेपाशी थांबलेल्या,
पहिल्या गाडीच्या काचेत वाकून बघत होत्या,
ओठ हलत होते.
ड्रायव्हरने कळ दाबली,
मागचं दार आपोआप उघडलं.
त्या दचकल्या, दोन पावलं मागे सरल्या,
कमरेत वाकून त्याची माफी मागितली:
'नाही हो, बसायचं नाही.
नुसतं वाचत होते.'