पाहणे बाकी

निहारच्या वहीत एकशे बारा किल्ले आहेत.
प्रत्येकापुढे तारीख, वाट, पाण्याचं टाकं,
आणि कुणाच्या घरी पिठलं खाल्लं ते.
शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं:
ठाणे. भुईकोट. पाहणे बाकी.

त्यातला एकही मी पाहिला नव्हता.
मुलीच्या जातीला कशाला डोंगर, म्हणायची आई,
आणि रविवारी रात्री त्याचे मोजे
धुवायला माझ्याकडे यायचे.
पाणी तांबडं झालं की स्वारी कोकणात होती,
काळं, चिकट झालं की घाटावर.
माझा भूगोल एवढाच,
बादलीच्या तळाशी बसलेला.

आता दर बुधवारी मी किल्ल्यावर जाते.
कोर्टनाक्याला रिक्षा सोडते.
आधार कार्ड, फोटो, नात्याच्या रकान्यात 'बहीण'.
चपला तपासून परत देतात.
केळी चालत नाहीत. बनियन चालतात, दोन.
कच्चा कैदी, म्हणतात त्याला.
पक्का होऊ नये म्हणून वकील तारखा घेतात.
पतपेढीतल्या तीन सह्यांबद्दल आम्ही बोलत नाही.
एक त्याची आहे.
दोन नाहीत, असं तो म्हणतो.

वीस मिनिटं. मध्ये काच. कानाला काळा फोन.
पहिले दोन बुधवार तो नुसता रडला,
मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.
तिसऱ्या बुधवारी म्हणाला,
"ताई, बुरूज खाली रुंद आहे, वर निमुळता.
चुना अजून धरून आहे बघ.
फिरंग्यांचं काम कुठं संपतं आणि आपलं कुठं सुरू होतं
ते सांध्यावरून कळतं.
सांधा असेल तर दवाखान्यामागं. तिकडं सोडत नाहीत.
ताप आला की बघेन."
आणि हसला.
"बाहेरून किती दिसतात? मोजून ये ना."

मग ऑफिसच्या सँडलवर
आयुष्यातला पहिला किल्ला चालले मी,
भिंत उजव्या हाताला ठेवून.
दोरीवर वाळणाऱ्या खाकी पँटी,
वडापावची गाडी, पंक्चरवाला,
दगडातून उगवलेला पिंपळ,
आणि मागच्या अंगाला खाडीचा वास,
खाडी दिसत नाही.
साडेतीन बुरूज, मी पुढच्या बुधवारी सांगितलं.
अर्धा पिंपळानं खाल्लाय.

तो आतून सांगायचा, मी बाहेरून पाहायची,
रात्री चौकटीच्या कागदावर दोन्ही जोडायची.
भिंतीची जाडी तेवढी कळेना.
ती आमच्या दोघांच्या मधली.

गावितबाईंना तो कागद
पिशवीच्या तळाशी सापडला.
"नकाशा? कसला?"
"किल्ल्याचा."
"कुठल्या?"
मी बोट वर केलं.
त्यांनी मान मागं टाकून पाहिलं,
नोकरीत पहिल्यांदाच असेल.
मग कागदाचे चार तुकडे केले
आणि स्वतःच्या खिशात ठेवले, कचऱ्यात नाही.
"परत आणू नका. माझी नोकरी जाईल,
त्याची केस वाढेल."
बनियन चाचपता चाचपता म्हणाल्या,
"आमच्या गावाकडं पण आहे एक, पडका.
बकऱ्या चरतात."

बाहेर आले तर दोन कॉलेजची मुलं,
पाठीला सॅक, बुटांना तांबडी माती.
"ताई, ठाण्याचा किल्ला कुठाय?
मॅप तर इथंच दाखवतोय."
"टेकून उभे आहात त्याला."
दोघं चटका बसल्यासारखे सरकले.
"मग आत? तिकीट असतं का?"

आत आपलं कुणीतरी असावं लागतं,
जिभेवर आलं होतं.
"आज बंद आहे," म्हटलं,
आणि त्यांच्या बुटांकडे बघत राहिले
शिपायाची शिट्टी वाजेपर्यंत.

वहीतलं ते शेवटचं पान मी खोडलेलं नाही.
खाली फक्त लिहिलंय, पेन्सिलीनंच:
बाहेरून, साडेतीन.