राणी-२

पोट लहान, तोंड मोठं, अशी आमची बोट.
दोन बॅटऱ्या, त्यातली एक इतवारीतून जुनी उचललेली,
वर मालकानं हौसेनं बसवलेला दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर,
कारण लग्न ठरलेली पोरं-पोरी येतात फोटो काढायला,
त्यांना गाणी लागतात, झुंबर लागतं.
बॅटरीला काय लागतं, ते मला माहीत.
मी वायरमन. आयटीआय पास.

बोटीचं नाव राणी-२.
राणी-१ कधीच नव्हती.

डिसेंबरातली सकाळ. अंबाझरीवर धुकं,
चुन्याच्या पहिल्या हातासारखं, मधूनमधून खालचं दिसणारं.
सुकेशिनी गजभिये, नवरी, केस धुऊनच आली. ओलेच.
"गाडीत वाळले असते, पण आईनं काचच उघडू नाही देली."
सोबत रंजूताई, जरीपटक्याचं पार्लर.
पेटीतून तिनं ड्रायर काढला, गुलाबी, पिस्तुलासारखा.

मी त्याच्या दांड्यावरचं वाचलं: सोळाशे वॅट.
मनात बारानं भागलं.
एकशे तेहतीस अँपिअर. गळती धरून दीडशे.
आमची मोटर चालते चाळीसवर.
म्हणजे दहा मिनिटं केस वाळवले
तर बोट अर्धा तास कमी चालणार.
हे मी मोठ्यानं म्हटलं.
फोटोवाला डोंगरे हसला,
"ड्रायरच तर आहे बे, वेल्डिंग थोडीच करून राहिलो!"

आता कसं सांगू.
पाण्यावर सगळ्यात महाग काय, तर गरम हवा.
दिवा थोडक्यात भागवतो. पंखाही समजूतदार.
पण ऊब हवी म्हटलं
की तांब्याच्या तारेला घाम फुटतो.

रंजूताईनं बटण दाबलं.
झुंबर पिवळं पडलं, मग तांबूस.
गाण्यातल्या बाईचा आवाज बसला.
मी केबलवर हात ठेवला,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"पाच मिनिटं. फक्त पाच."
"एक बाजू तं होऊ दे भाऊ."

एक बाजू झाली.
अर्धी नवरी सरळ, चकचकीत,
अर्धी अजून न्हाणीघरात.
अशा बाईला कोण म्हणेल, पुरे?
माझ्यानं म्हणवलं नाही.

तलावाच्या मधोमध मोटर दोनदा उचकली
आणि निजली.
नवरदेवाच्या पोटातला तर्रीपोहाही ऐकू यावा
इतकं सामसूम.
मालकाचा फोन वाजत होता. वाजू दिला.

बाकाखाली बाबांची वल्ही होती.
मोटर आल्यापासून त्यांच्यावर मी पाना-पक्कड ठेवायचो.
बाबा जाळं टाकायचे ह्याच पाण्यात.
मोटरीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत,
एवढंच म्हणाले एकदा,
"तुह्या मशीनीले भूक लागली का घरी न्या लागते.
मी तं खिशातली भाकर खातो."

सहा वर्षांनी वल्ही हातात घेतली.
तळहात विसरले होते. खांदे नाही.

तेवढ्यात ऊन निघालं, आणि एक वारा,
ज्याच्यावर कुठंच वॅट लिहिलेले नव्हते.
सुकेशिनी टोकाला जाऊन बसली,
ओली बाजू वाऱ्याकडे करून.
नवरदेवानं दुसरं वल्हं मागून घेतलं.
बिचारा उलटंच मारत होता.
बोट जागच्या जागी गोल फिरली, परत फिरली,
आणि ऊन तिच्या केसांभोवती
चहूबाजूंनी हिंडून आलं.
रंजूताई ड्रायर मांडीवर घेऊन बघत राहिली.
केस वाळले. कुरळे वाळले, त्यांच्या मर्जीनं.
फोटोत ती अर्धी सरळ, अर्धी कुरळी आहे.
"राहू द्या," म्हणाली म्हणे.

मालकानं माझे दोनशे कापले. चूक माझीच होती.
मी पाटी रंगवून लावली: ड्रायर, इस्त्री, किटली बंद.
खाली वीतभर जागा उरली.
तिथं अजून काहीतरी लिहायचं होतं. सुचलं नाही.

वल्ही मात्र आता वर असतात.
पक्कड खाली.